हिमालयाच्या हवेचा निर्णय, मोहाच्या झाडाखाली

दरवर्षी मार्च लागला की माझ्या घरात हॉलभर लोकरी मोजे आणि पाठपिशव्या पसरलेल्या असतात. या ब्लॉगवर नेमाने येणाऱ्यांना ते ठाऊक आहे. यंदा मोजे कपाटातच राहिले आणि मार्च संपता संपता मी पुण्याहून निघाले ती थेट गडचिरोलीला. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. "अगं, या दिवसांत तिकडचे लोक तिकडून पळतात!" मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसची, कोळशाच्या खाणीशेजारी वाढलेली. ऊन मला कोणी शिकवायला नको. आणि काम असं होतं की फोनवर उरकण्यासारखं नव्हतं.

सांगते. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हिमाचलातल्या एका उंच गावात भरणाऱ्या धावपटूंच्या शिबिराला सल्ला देते. लांब पल्ल्याची मुलं-मुली तिथे दोन महिने राहून सराव करतात. यंदाच्या निवडीत मनकी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. आलापल्लीच्या पुढच्या रानातली, माडिया आदिवासी, पाच हजार मीटर धावणारी. तिचं धावणं बघून प्रशिक्षक खूश होते. मग रक्ततपासणी झाली आणि ती सिकलसेलची वाहक निघाली. प्रशिक्षक बिचकले. तिकडून तिच्या आईचा निरोप आला की पोरगी येणार नाही. जागा रिकामी ठेवायची तरी किती दिवस? शेवटी प्रशिक्षक मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाऊन या. तुम्ही सांगाल ते." हे 'तुम्ही सांगाल ते' फार गोड वाटतं. पुढे काही बिनसलं की बोट कोणाकडे वळणार हे मला या वयात पक्कं कळतं. तरी गेले, कारण त्या मुलीची धाव मीही पाहिली होती.

आता थोडं शास्त्र. कंटाळा येत असेल त्यांनी खाली तर्री-पोह्यांवर उडी मारावी, मी रागावणार नाही.

उंचावर हवा विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. आपल्या पेशींमध्ये एक प्रथिन सतत तयार होत असतं आणि लगेच मोडलं जात असतं. प्राणवायू मुबलक असेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. प्राणवायू कमी पडला की त्याचं मोडणं थांबतं, ते साठतं आणि पेशीला नव्या कामांना जुंपतं. मूत्रपिंडातून एक संप्रेरक सुटतं आणि हाडांतल्या मगजाला सांगतं, तांबड्या पेशी वाढव. स्नायूंतल्या पेशी मिळेल तेवढा प्राणवायू जपून वापरायला लागतात. या सगळ्याला आठवडे लागतात. म्हणून खेळाडूंना वर नेऊन ठेवायचं. खाली आले की वाढलेल्या रक्ताच्या जोरावर काही दिवस ते चांगलेच धावतात.

आता सिकलसेल. तांबडी पेशी एरवी गोल आणि मऊ. या आजारात प्राणवायू कमी झाला की ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक नसांत अडकते आणि जीवघेणं दुखणं सुरू होतं. हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तर माणूस रुग्ण. एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाच्या पेशीत चांगल्या हिमोग्लोबिनचा वाटा मोठा असतो, त्यामुळे बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. लागायचाच तर तो कुठे? जिथे प्राणवायू कमी, अंगात पाणी कमी आणि मेहनत जिवापाड. म्हणजे थेट आमच्या शिबिरात. तिथे वाहकालाही डाव्या बरगडीखाली, प्लीहेत, कळ उठू शकते, आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर ते जिवावर बेतू शकतं. वाहक असलेले खेळाडू जगभर धावतात, बहुतेकांना काही होत नाही. पण हे 'बहुतेकांना' घेऊन एखाद्या आईच्या अंगणात जायचं कसं, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

मी स्वतःही वाहक आहे. आमच्या बौद्ध समाजात आणि या भागातल्या आदिवासी समाजांत हे बऱ्याच घरांत असतं. आमच्याकडे लग्न जुळवताना पत्रिका कोणी बघत नाही, सिकलचा रिपोर्ट मात्र चहाच्या आधी मागतात. माझा धाकटा भाऊ राजू याच रिपोर्टपायी एका आवडलेल्या मुलीला नकार देऊन आला होता, कारण तीही वाहक होती. पुढे त्याचं लग्न छान झालं, पण त्या मुलीचा विषय निघाला की अजूनही तो चहात जास्तीची साखर घालतो.

पहिला मुक्काम अर्थात राजूकडे, घुग्घुसला. पुण्याहून रात्रीची रेल्वे पकडून सकाळी नागपूर आणि तिथून चंद्रपूरच्या बसने वरोरा, भद्रावती करत यायचं. नागपूर सोडलं की माझी जीभ आपोआप वळते. पुण्यात 'मला' म्हणणारी मी वरोऱ्यापर्यंत 'मले' म्हणायला लागलेली असते. घुग्घुसला कोळशाचे ट्रक, सिमेंटची भुकटी आणि पाळी संपवून मोटरसायकलवरून परतणारे खाणकामगार. राजूच्या घरी धुतलेले कपडे घरातच वाळवतात, बाहेर घातले तर पुन्हा धुवावे लागतात. पोटभर तर्री-पोहे झाल्यावर तो म्हणाला, "ताई, एवढी आली तं मोहर्लीले चाल. वाघ पाहू, मंग जाऊ."

"मी वाघ पाहाले नाई आली."

"सारी दुनिया येते पैसे देऊन, अन हे इथलीच असून नाई म्हणते!" तो आपल्या बायकोला म्हणाला. तुम्ही जाणार असाल तर मात्र सफारी आधी नोंदवून ठेवा आणि सुट्टीचा वार बघून घ्या. ऐनवेळी गेलात तर व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली फाटकावर चहा पिऊन परत यावं लागेल.

राजूने रजा टाकली, मित्राची गाडी मागून आणली आणि दुसऱ्या दिवशी उजाडतानाच आम्ही निघालो. चंद्रपूरहून मूल, सावली करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. मूलच्या आधी दोन्ही बाजूंना जंगल आहे. मार्चअखेरीस साग ओकाबोका झालेला, पळस फुलून ओसरत आलेला आणि मोहाचा वास गाडीच्या बंद काचेतूनही आत येणारा. तो वास पहिल्या खेपेला गोड वाटतो, तासाभराने डोक्यात जातो. गडचिरोलीत बसस्थानकाजवळ अंबाडीचं सरबत प्यालो. गाडी नसेल तर इथून आलापल्ली, अहेरीला एसटी मिळते, मात्र दुपारची टाळा.

पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. चामोर्शीजवळ मार्कंड्याची दगडी देवळं आहेत, नदीकाठी. वेळ असेल तर जरूर थांबा. या पट्ट्यात बंगाली वस्त्या बऱ्याच आहेत. आष्टीच्या अलीकडे एका टपरीवर ताजा रसगुल्ला मिळाला आणि राजूने चार खाल्ले. पुढचा रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांनी इतका उखडला होता की ते चारही पोटात एकमेकांवर आपटत असावेत. आलापल्लीत एका साध्या लॉजवर राहिलो. पंखा जोरात फिरतो आणि सकाळी खाली इडली मिळते. तेलंगणा जवळ आल्याची ती खूण.

तिसऱ्या दिवशी भामरागडच्या रस्त्याला लागलो आणि मध्येच आत वळून मनकीच्या गावात पोचलो. वाटेत पोलिसांनी एकदा नाव-गाव विचारलं, बाकी कुठे अडचण नाही. गाव म्हणजे अंतराअंतरावर असलेली कुडाची घरं आणि प्रत्येक अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं. आधी हात-पाय धुवायला पाणी आलं, मग प्यायला पाणी, मग पेज. त्याआधी कोणी कामाचं बोलत नाही. मनकीचे वडील दलसूभाऊ "जोहार" म्हणून खाटेवर बसले आणि पुढे दोन दिवसांत फारसं काही बोलले नाहीत. बोलणं बुधीबाईंकडे होतं. मनकीची आई. बारीक अंगकाठी, बोलताना सरळ डोळ्यांत बघणाऱ्या.

आणि ज्योती होती, मनकीची थोरली बहीण. ज्योतीला प्रत्यक्ष आजार आहे. डोळ्यांत पिवळसर झाक, मनगटं काडीसारखी, हसणं मात्र मोठं. वर्षातून दोन-तीनदा हाडं दुखून तिला दवाखान्यात न्यावं लागतं, कधी रक्त चढवावं लागतं. त्या घरातली सगळी भीती तिथून आलेली होती. बुधीबाईंनी एका मुलीला रात्रभर कळवळताना पाहिलं होतं, आता दुसरीला कोणी तरी हवा नसलेल्या डोंगरावर न्यायला आलं होतं.

"तिथी हवाच कमी आहे म्हणते ना?" बुधीबाईंनी विचारलं. "मंग कायले नेता पोरीले? इथी काय हवा कमी पडून राह्यली?"

मी समजावायला बसले. शिकवायची सवय वाईट असते, एकदा सुरू झाले की थांबत नाही. म्हटलं, "बाई, हापशी आटली, पाणी नदीवरून आणाव लागलं, तं एकीच्या जागी चार जणी जाता ना? तसं हाडं आतून जास्त पेशी पाठवते. एकेकीच्या घागरीत पाणी कमी, पण बाया जास्त."

बुधीबाई जरा विचार करून म्हणाल्या, "अन त्या चौघींतल्या दोघींच्या घागरी गळक्या असल्या तं?"

राजू फसकन हसला. मीही हसले, दुसरं काय करणार. दलसूभाऊंच्या ओठांचा कोपराही हलला.

दुपारी जेवायला भात, डाळ आणि लाल मुंग्यांची चटणी होती. आंबट, झणझणीत. पानावरून उठण्याआधी बुधीबाईंनी फळीवरची डबी काढली. फॉलिक अ‍ॅसिडची एक छोटी पिवळी गोळी ज्योतीला दिली. दुसरी गोळी सुरीने नेमकी मधोमध कापली, अर्धी मनकीच्या हातावर ठेवली, उरलेली अर्धी कागदात गुंडाळून परत डबीत. मनकीने निमूट गिळली.

"हिले अर्धी काऊन, बाई?"

"दवाखान्यात सांगितलं ना. मोठीले पुरा सिकल, लहानीले अर्धा. मंग गोळी पण तशीच देतो. लहान होती तवापासून."

मला आधी हसू आलं. त्या गोळीने मनकीचं काही बिघडत नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण नंतर सावलीत बसले असता ते हसू गेलं. या आईच्या हिशेबात तिची धावपटू मुलगी अर्धी आजारी होती. शाळेतल्या शर्यती जिंकून आली त्या दिवशीही अर्धी आजारी. आणि मनकी ते जाणून रोज गिळत होती, आईचं मन राहावं म्हणून. मी मनकीला एकटीला गाठून विचारलं, तुला काय वाटतं?

"मले जायचं आहे, मॅडम." तिने मान वर केली नाही. "खूप जायचं आहे. पण आई नाई म्हणल तं मी जाणार नाई. ज्योतीसाठी तिनं लय सोसलं. आता माझ्यासाठी अजून घाबरवू का तिले?"



दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोह वेचायला त्यांच्याबरोबर गेलो. मोहाची फुलं उजाडायच्या आधी टपटप पडतात, ऊन चढण्याआधी वेचायची. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, खालचा पाला आधीच झाडून लख्ख केलेला असतो. या दिवसांत वाघाची, अस्वलाची भीती असते, म्हणून बाया एका रांगेत जातात. आम्ही पायवाटेने निघालो. पुढे दोघी जाणत्या बाया, मध्ये ज्योती, मागे बुधीबाई आणि मी, शेवटी टोपली डोक्यावर घेतलेला राजू.

थोडं चालल्यावर ज्योती थांबली. एका ऐनाच्या झाडाला हात टेकून उभी राहिली, खांदे वर-खाली. आणि अख्खी रांग थांबली. पुढच्या बायांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं, तरी त्या थांबल्या आणि खाली बसल्या. कोणी 'काय झालं' म्हटलं नाही, कोणी उसासा टाकला नाही. एकीने तंबाखू मळायला घेतला.

राजू मागून कुजबुजला, "काऊन थांबले? वाघ आहे का?"

"ज्योती थांबली," बुधीबाई म्हणाल्या, जणू तेवढं पुरे. राजूचा चेहरा बघून त्यांनी पुढे सांगितलं, "एक जण थांबला का सारे थांबते, भाऊ. मागं कोणाले सोडत नाई. जनावर एकट्याची वाट पाहून राह्यते."

ज्योतीचा श्वास जागेवर आला, तिने पाऊल उचललं आणि रांग चालू लागली. वाटेत अशी बऱ्याचदा थांबली. दर खेपेला तेच. माझ्या पायांना मात्र सवय नव्हती, मी उगाच चुळबुळत होते.

उन्हं वर आल्यावर मनकी धावायला निघाली. अंधारात तिला कोणी धावू देत नाही, त्यामुळे तिचा सराव नेहमी उन्हातच. डांबरी रस्त्यावर ती पुढे आणि राजू गावातली मोटरसायकल घेऊन मागे, अधूनमधून हॉर्न वाजवत. मी वळणावर थांबले होते. ती जवळून गेली तेव्हा पावलांचा आवाज ऐकू आला, श्वासाचा नाही. उन्हात सराव करणाऱ्यांच्या रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. उंचावर पहिल्या दिवसांत तोच घटतो, रक्त दाट होतं, म्हणजे ही मुलगी थोडी शिल्लक घेऊन वर जाणार होती. पण धावून आल्यावरही ती पाण्याला शिवेना. शाळेत कोणी तरी सांगितलं होतं, धावणाऱ्याने पाणी पिऊ नये, पोट जड होतं. मी तिला तिथेच झापलं आणि माझी बाटली रिकामी करायला लावली. वाहकाने तहानेलं धावायचं नाही, इथेही नाही आणि वर तर नाहीच. हे वाचणाऱ्या प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं.

परत झाडाखाली आले तर बुधीबाई वाकून फुलं वेचत होत्या. मीही शेजारी बसून वेचू लागले.

"तुम्ही गेल्या आहा का तिथी वर?" त्यांनी विचारलं.

"गेली ना. बऱ्याच खेपा. अन बाई, माझं रक्त बी मनकीसारखंच आहे. एक बाजूनं आलेलं."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत. मला वाटलं, जिंकले.

"तुम्ही पळल्या तिथी?"

"नाई. चालली."

"हे तं पळन." त्यांनी पुन्हा फुलं उचलायला सुरुवात केली. "बरं, एक सांगा. हे पळता पळता थांबली, तं बाकीचे थांबते का?"

खोटं बोलता आलं असतं. मुलीची जागा वाचली असती, मी पुण्याला गेले असते. पण ज्योती समोरच बसली होती.

"नाई बाई," मी म्हटलं. "बाकीचे पुढं जाते. तिथी सारे एकमेकांच्या पुढं जायलेच येते."

"मंग नाई पाठवत."

मला राग आला. आधी त्यांचा, मग त्या प्रथिनाचा, त्या मूत्रपिंडाचा, मग सगळ्यात जास्त माझा, कारण बाईंनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. वाहक खेळाडूंचं बरंवाईट होतं ते बहुतेक वेळा इथेच. कळ येते, पाय जड होतात, पण सोबतचे पुढे चाललेले असतात, शिट्टी वाजत असते, कोणी तरी 'आळशी' म्हणतं, आणि मुलं थांबत नाहीत. वर नेताना हळूहळू न्यायचं, पाणी द्यायचं, ताप असेल तर धावू द्यायचं नाही हे सगळं मी ठरवून आले होते. ती थांबली तर तिच्याबरोबर कोण थांबेल, हे मी ठरवलं नव्हतं.

"बाई, माझ्यासंगं चाला," मी म्हटलं. "ज्याले विचाराचं त्यालेच विचारा."

गावात फोन लागत नाही. आम्ही सगळे गाडीत बसून मोठ्या रस्त्याच्या वळणावर गेलो, तिथे एका मोहाच्या झाडाखालीच आवाज पोचतो. तिथे आधीच दोन जण फोन धरून उभे होते, त्यांनी आम्हाला जागा करून दिली. मी प्रशिक्षकांना लावला आणि माझ्या अटी सांगितल्या. आधी मधल्या उंचीच्या गावात काही दिवस मुक्काम. वर गेल्यावर पहिले दोन आठवडे चालणं आणि हळू धावणं, जीव तोडून एकही फेरी नाही. आणि मनकीला कायम एक जोडीदार. ती 'थांबते' म्हणाली की जोडीदारानेही थांबायचं, कोणी का विचारायचं नाही.

"मॅडम, ऐसे तो दूसरी लड़की की ट्रेनिंग का नुकसान होगा," ते म्हणाले.

माझा पारा चढला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, माझी आईही हा ब्लॉग वाचते. राजू दोन पावलं लांब सरकला एवढं सांगते.  मग प्रशिक्षक म्हणाले की बारी-बारीने वेगवेगळ्या मुली जोडीला देऊ, जिचा हलका सराव असेल ती मनकीबरोबर. आधीच सुचायला हवं होतं, असंही म्हणाले. मी फोन बुधीबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पार हिमाचलापर्यंत थेट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मेरी लड़की रुकेगी तो तुम रुकेगा क्या?"

"रुकेंगे, माताजी."

"उसको बोलेगा नाई कुछ? कामचोर नाई बोलेगा?"

"नहीं बोलेंगे. कोई नहीं बोलेगा."

"पक्का?"

"पक्का."

बुधीबाईंनी फोन मला परत दिला.  दलसूभाऊंनी दोन दिवसांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं, "पोरीले गरम कपडे घ्याव लागन." बुधीबाई जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. मनकी तिथेच रस्त्यात खाली बसली आणि ज्योतीच्या पायांना मिठी मारून रडली. मी डोळे पुसले, राजूनेही, वर पुन्हा मोहाच्या वासावर खापर फोडलं.

परतीचा रस्ता तोच, रसगुल्ल्यांची टपरी मात्र बंद होती. जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: थंडीत जा, तेव्हा जंगल हिरवं आणि दुपार सुसह्य असते. माझ्यासारखं मार्चमध्येच जायचं असेल तर पाणी, टोपी आणि अंबाडीचं सरबत. स्वतःची गाडी असली तरी आलापल्लीच्या पुढे टाकी भरूनच निघा. गावात जाताना ओळखीचं माणूस सोबत हवं, आणि पेज पुढे आली तर नाही म्हणू नका.

पुण्याला येऊन आता काही आठवडे झाले. मुलं-मुली वर पोचली आहेत. मनकीच्या तपासण्या माझ्याकडे येतात. रक्त वाढायला सुरुवात झाली आहे, हळूहळू, जशी व्हायला हवी तशी. बरगडीखाली कळ नाही. काळजी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, शिबीर संपेपर्यंत ती जाणारही नाही. पण एवढी वर्षं मी पेशी कशा बदलतात हे शिकवलं आणि पेशींना बदलायला वेळ द्यायचा तर आजूबाजूच्या माणसांनी कसं वागावं, याचा विचार पहिल्यांदा त्या पायवाटेवर केला. आता शिबिरातल्या सगळ्याच मुलांना जोडीदार द्यायचं ठरतंय. तो निर्णय प्रशिक्षकांचा, माझा नाही. मला त्याचा फार आनंद झाला.

काल संध्याकाळी ज्योतीचा फोन आला. वळणावरच्या झाडाखालून बोलत होती, मागून बाइकचे आवाज येत होते.

"मॅडम, पहिल्या दिवशी मनकीले जिना चढताना दम लागला म्हणे. मनकीले! खोलीत जाऊन रडली. मले फोन करून म्हणे, ज्योती, तू रोज अशी चालते का? मले माहीतच नोतं."

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, रडू नोको. आधी उभी राह्य. हात टेकव कुठीतरी. बोलू नोको. श्वास पुरा आला का मंग एक पाऊल टाक, दोन नाई." ती जरा थांबली. मी वाट पाहिली. "काल पळली म्हणे हळूहळू, जोडीच्या पोरीसंगं. दोघी मधात थांबल्या, मंग पुन्हा पळल्या. लहानपणापासून मनकी पुढं अन मी मागं, मॅडम. आता रोज मी झाडाखाली येते, तवा मले फोन करून विचारते, कसं करू म्हणून."